फळ की पळ?

गेल्या दिवाळीची गोष्ट. वसुबारस दुसऱ्या दिवसावर आलेली. स्वयंपाकघरात करंज्यांच्या सारणाचा खमंग वास सुटलेला, आणि अशा घाईच्या वेळी आमच्या सूनबाई माजघरात डोळे पुसत बसलेल्या! पुढ्यात नातवाचे प्रगतिपुस्तक. इयत्ता चौथी, सत्र पहिले. गणितात बरे, चित्रकलेत उत्तम, आणि श्रुतलेखनात वीसपैकी सात. खाली लाल शाईत शेरा : ‘वर्गात लक्ष देत नाही. पालकांनी भेटावे.’

असे शेरे मी स्वतः सदतीस वर्षे लिहिले आहेत. मी नोकरीला लागले तेव्हा जालना हा जिल्हासुद्धा नव्हता. औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, आणि त्यानंतर अंबड, परतूर, भोकरदन असे करीत मी निम्मा जिल्हा बदल्यांच्या निमित्ताने पाहिला. तेव्हा मास्तरणीच्या शेऱ्याचा अर्थ मला कोणी सांगायला नको होता. ‘लक्ष देत नाही’ म्हणजे पोर वांड आहे, नाहीतर मठ्ठ आहे. तिसरा अर्थ आम्हांला माहीतच नव्हता.

चिरंजीव संध्याकाळी घरी आले, त्यांनी पुस्तक पाहिले आणि आवाज चढवला. “महिन्यापूर्वी कान तपासून आणले ना याचे? डॉक्टरांनी मागं उभं राहून कुजबुजलेलं सगळं याला ऐकू आलं. म्हणजे कान शाबूत आहेत. ही निव्वळ खोडी आहे!”

नातू खाली मान घालून म्हणाला, “बाबा, ऐकू येतं. पण कळत नाही.”

त्या वाक्यावर चिरंजीव आणखीच भडकले. मीही मनात म्हटले, काय पण उत्तर! ऐकू येते आणि कळत नाही, हे कसले कोडे?

ते कोडे सोडवणारी व्यक्ती नेमकी त्याच रात्रीच्या गाडीने मुंबईहून येत होती.

शांत पाण्यातले पोहणे

माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी, मुंबईत एका रुग्णालयात श्रवणतपासणीचे काम करते. वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तिचे शिक्षण झाले. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना तिचा धंदा काय ते अजून नीटसे कळलेले नाही. ‘कानाची डॉक्टरीण’ एवढ्यावर आम्ही भागवतो आणि ती दर वेळी हसून “तशी नव्हे हो मावशी” म्हणते.

सकाळी चहा घेता घेता तिने सगळी हकिकत ऐकली आणि नातवाला जवळ ओढून विचारले, “कधी कळत नाही रे?”

“बाई फळ्याकडं तोंड करून बोलतात तेव्हा. आणि पंखा चालू असला की. आणि सगळी पोरं बोलतात तेव्हा.”

ती माझ्याकडे वळली. “मावशी, याचे कान कुठं तपासले? दवाखान्याच्या बंद खोलीत. आणि हा शिकतो कुठं? पन्नास पोरांच्या गलक्यात. शांत विहिरीत पोहता येतं म्हणून कोणी पुरात उडी टाकतं का? तुम्ही विहिरीतली परीक्षा घेतलीत आणि पुरातला निकाल लावलात.”

तिने मग जे समजावून सांगितले ते मी एखाद्या विद्यार्थिनीसारखे ऐकले. ऐकू येणे ही एक गोष्ट, गोंगाटातून बोलणे वेगळे काढून त्याचा अर्थ लावणे ही दुसरी. पहिले काम कानाचे. दुसरे कानाचे आणि मेंदूचे मिळून. कॉलिन चेरी नावाच्या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञाने १९५३ साली या प्रश्नाचा अभ्यास मांडला. मेजवानीत दहाजण एकाच वेळी बोलत असतात, तरी आपण समोरच्या एकाचेच बोलणे कसे निवडून ऐकतो, हा त्याचा प्रश्न. आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीत उभे राहिले तरी हा प्रश्न पडावा! वाढपी ओरडत आहेत, सनई चालली आहे, पोरे रडत आहेत, आणि तरी पलीकडच्या पाटावरची विहीणबाई आपल्याविषयी काय कुजबुजली ते आपल्याला अचूक ऐकू येते.

पण ही विद्या जन्मतः येत नाही. ती वयाबरोबर पिकते. लोइस इलियट या अमेरिकन संशोधिकेने १९७९ साली नऊ ते सतरा वर्षांच्या मुलांना गोंगाटात वाक्ये ऐकवून पाहिली. नऊ वर्षांची मुले अकरा वर्षांच्या मुलांच्या मागे पडली, आणि अकरा-तेरा वर्षांची पंधरा-सतरा वर्षांच्या मुलांच्या मागे. म्हणजे ज्या गलक्यात आपल्याला सगळे सुरळीत ऐकू येते, त्यात चौथीतल्या निरोगी कानाच्या मुलाचीसुद्धा दमछाक होते. आणि आपण आपल्या कानांवरून त्याची परीक्षा करतो!

स्वरांचे बळ, व्यंजनांचा अर्थ

“मावशी, तू मराठीची बाई. ‘अळ’ या आवाजापुढं एकेक व्यंजन ठेव बघू.”

मी सुरुवात केली : कळ, गळ, छळ, तळ, नळ, पळ, फळ, बळ, मळ, वळ. दहा शब्द, दहा अर्थ. फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा.

“आता गंमत बघ,” ती म्हणाली. “बोलण्यातला जोर असतो तो स्वरांत. ‘अ’, ‘आ’, ‘ओ’ हे लांबवर जातात; शेतावरून हाक मारताना आपण ‘ओऽऽ’ म्हणतो ते उगाच नाही. पण अर्थ असतो बहुतेक व्यंजनांत, आणि व्यंजनं बिचारी अगदी दुबळी. क, प, त, फ हे क्षणभर फुंकर मारल्यासारखे येतात आणि जातात. गोंगाट आला की आधी तीच बुडतात. मग पोराच्या कानात शिल्लक राहतं ते नुसतं ‘अळ’. आता ते फळ की पळ, नळ की मळ, हे त्यानं कसं ओळखायचं?”

मोठे माणूस ओळखते, कारण ते गाळलेल्या जागा भरते. ‘आईने तव्यावर …ळी टाकली’ एवढे कानावर पडले तरी आपण ‘पोळी’ म्हणून मोकळे होतो. चाळीस-पन्नास वर्षांचा भाषेचा साठा पाठीशी असतो. लहान मुलाचा साठा लहान. शिवाय शाळेत त्याच्या कानावर पडणारे निम्मे शब्द नवे! ‘अक्षांश’ हा शब्द ज्याने कधी ऐकलाच नाही, त्याने गाळलेली जागा कशाने भरावी? श्रुतलेखनात तर सुटे शब्द. मागेपुढे वाक्यच नसते, मग अंदाज बांधायला आधार कुठला?

मला एकदम आठवले. माझ्या हाताखालच्या किती वह्यांत ‘पळ’च्या जागी ‘फळ’ आणि ‘पाठ’च्या जागी ‘पाट’ सापडले असेल! प्रत्येक वेळी मी लाल रेघ ओढली आणि ‘दहा वेळा लिहा’ म्हणून सांगितले. दहा वेळा लिहून हात सुधारतो. कानाचे काय?

परीक्षा घ्यायची कशी?

गोंगाटातल्या ऐकण्याची परीक्षा घेण्याचे शास्त्र आता चांगले वाढले आहे, आणि ते समजायला मुळीच कठीण नाही. एका बाजूने बोलणे ऐकवायचे, त्याबरोबर गोंगाट ऐकवायचा, आणि ऐकलेले मुलाकडून परत म्हणवून घ्यायचे. गोंगाट थोडा थोडा वाढवीत किंवा बोलणे थोडे थोडे उतरवीत जायचे. ज्या टप्प्यावर निम्मे शब्द बरोबर येतात आणि निम्मे चुकतात, तो त्या मुलाचा उंबरठा. बोलणे गोंगाटापेक्षा किती डेसिबलने वर असले म्हणजे मुलाला कळते, हा आकडा महत्त्वाचा.

पण मेख असते ती शब्दांच्या निवडीत. अवघड शब्द दिले तर परीक्षा कानाची न राहता शब्दसंग्रहाची होते. म्हणून इंग्लंडमध्ये बेंच, कोवाल आणि बॅमफर्ड या तिघांनी १९७९ साली वाक्यांची यादी प्रसिद्ध केली, ती कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्याच तोंडची भाषा टिपून त्यावरून बेतलेली. स्वीडनमध्ये हागरमन यांनी १९८२ साली आणखी एक युक्ती काढली : पाच शब्दांचे वाक्य, घडण नेहमी एकच, शब्द मात्र आलटून पालटून. म्हणजे वाक्य पाठ होण्याची भीती नाही आणि अंदाज बांधण्याची सोय नाही. नेदरलँड्समध्ये तर नुसते आकडे वापरले. टेलिफोनवर खरखरीत आवाजात तीन आकडे ऐकू येतात, ते बटणांनी दाबायचे. आकडे सगळ्यांनाच ठाऊक! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मोबाईलवर आणलेली श्रवणतपासणी याच आकड्यांच्या पद्धतीची आहे.

हे सगळे दुसऱ्या भाषेतून उचलून मराठीत ओतता येत नाही, हे भाचीने बजावले. इंग्रजीला ‘ळ’ नाही, ‘ट’ आणि ‘ठ’ यांत अर्थाचा भेद नाही. आपल्या मुलाची परीक्षा आपल्याच भाषेतल्या, आपल्याच घरातल्या शब्दांनी झाली पाहिजे. परतूरच्या पोराला पुणेरी शब्द अडला तर तो दोष कानाचा नव्हे.

करंज्यांच्या गलक्यात

त्या दिवशी दुपारी आम्ही सात-आठ बायका करंज्या करायला बसलो. भाचीने मोबाईल कोपऱ्यात ठेवून दिला होता, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. संध्याकाळी तिने तो लावला आणि आम्ही सगळ्या हसून बेजार झालो. अर्धा तास नुसता कलकलाट! कोण कोणाला काय म्हणते आहे काही कळायची सोय नाही.

“हा माझा गोंगाट,” ती म्हणाली. “आता खेळ सुरू.”

मागच्या खोलीत दोन लहान यंत्रे ठेवली. समोरच्यातून तिच्या आवाजात आधीच भरून ठेवलेले साधे शब्द आणि वाक्ये यायची. शेजारच्यातून आमच्या करंज्यांचा कलकलाट. तोंडाने प्रत्यक्ष का बोलत नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, एक तर दर वेळी आवाज सारखा राहत नाही. दुसरे म्हणजे गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली ही गोष्ट टिपून ठेवली आहे. (सदतीस वर्षे माझा घसा दर उन्हाळ्यात का बसत होता, त्याचे उत्तर मला असे अवचित मिळाले!) आणि तिसरे म्हणजे ओठ दिसले की मूल ओठांवरून वाचते. फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या बाईंचे बोलणे नातवाला का कळत नव्हते, तेही यातच आले.

पहिली फेरी शांततेत झाली. नातू, त्याची कॉलेजात जाणारी बहीण, शेजारची दोन मुले, चिरंजीव आणि मी, सगळ्यांनी सगळे शब्द बिनचूक सांगितले. चिरंजीवांनी ‘बघा, मी म्हणत नव्हतो!’ अशा मुद्रेने माझ्याकडे पाहिले.

दुसरी फेरी पंख्याच्या घरघरीत. शेजारच्या मुलांचे एकदोन शब्द गेले, नातवाचे चार.

तिसरी फेरी करंज्यांच्या कलकलाटात. चिरंजीव आणि नात जवळजवळ पूर्ण उत्तीर्ण. शेजारची मुले अडखळत पार पडली. नातू मात्र सपशेल बुडाला. तो कान टवकारून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होता, घामाघूम झाला होता. ‘लक्ष देत नाही’ असा शेरा ज्याच्यावर होता, त्या मुलाइतके लक्ष देऊन त्या खोलीत कोणीही ऐकत नव्हते. चिरंजीव पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरची ती मुद्रा केव्हा पुसली गेली ते कळले नाही.

आणि वाचकहो, आणखी एकजण नातवाच्या पंगतीला बसले. ते म्हणजे मी! माझे वय सदुसष्ट. शांततेत मला सुई पडलेली ऐकू येते असा माझा अभिमान. पण कलकलाटात ‘नळ’ला मी ‘मळ’ म्हटले आणि ‘गळ’ला ‘कळ’. भाची म्हणाली, उतारवयात बहुतेकांचे असेच होते. लहानपणी ही विद्या पुरती आलेली नसते, म्हातारपणी ती निघून जायला लागते. नातू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “आजी, तुला पण कळत नाही ना?” त्या रात्री आम्हा दोघांची जी गट्टी जमली ती आजतागायत टिकून आहे.

भाचीने मात्र निक्षून सांगितले : हा खेळ झाला. खऱ्या परीक्षेला आवाजबंद खोली, मापून घेतलेली यंत्रे आणि जाणती व्यक्ती लागते. घरी मोबाईलवर खेळ करून कोणी मुलाला बहिरे ठरवू नये, आणि शाबूतही ठरवू नये. शिवाय गोंगाटात न कळण्याची कारणे अनेक. कधी कानात दोष असतो. कधी कान ठणठणीत असून मेंदूला आवाज वेगळे काढणे जड जाते. कधी भाषाच कच्ची असते. आणि कधी, हो, कधी मूल खरोखरच लक्ष देत नसते. कोणते ते तपासल्यावाचून बोलू नये.

भाऊबीज झाल्यावर आम्ही नातवाला छत्रपती संभाजीनगरला नेले. तिथे प्रत्येक कानाची निराळी तपासणी झाली. कानात हवेचा हलका दाब देऊन पडदा हलतो की नाही तेही पाहिले. उजवा कान उत्तम. डाव्या कानाच्या पडद्यामागे द्रव साचलेला. वारंवार होणाऱ्या सर्दीची ही देणगी. लहान मुलांत हा प्रकार फार आढळतो. दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. शांत खोलीत उजव्या कानाने काम भागत होते. पण गोंगाटातून बोलणे निवडायला दोन्ही कान लागतात. दोन्ही बाजूंनी येणाऱ्या आवाजांची तुलना करूनच मेंदू ‘हा समोरचा, हा शेजारचा’ अशी वाटणी करतो. डॉक्टरांनी घाई केली नाही. बहुतेक वेळा हा द्रव दोन-तीन महिन्यांत आपोआप जातो, तीन महिन्यांनी परत दाखवा, म्हणाले. फेब्रुवारीत दाखवले तेव्हा कान मोकळा झाला होता.

न्यूयॉर्कची आगगाडी आणि आमची पत्र्याची शाळा

पण कान मोकळा झाला म्हणून वर्ग शांत झाला का? नातवाच्या शाळेत मी एक तास शेवटच्या बाकावर बसून पाहिले. खिडकीबाहेर रस्ता. सळयांनी भरलेले ट्रक दर मिनिटाला खडखडत जातात; आमचे जालना पोलादाच्या गिरण्यांचे गाव, तेव्हा त्याला इलाज नाही. वर्गाला सिमेंटच्या गुळगुळीत भिंती, वर स्लॅब, खाली फरशी. बाईंचा प्रत्येक शब्द चार ठिकाणी आपटून परत येत होता. मागच्या बाकावर मला ‘वर्तुळ’ कळले, पुढचे वाक्य कळले नाही.

अमेरिकेत या विषयावर एक प्रसिद्ध अभ्यास झाला. न्यूयॉर्कमधल्या एका शाळेच्या अगदी जवळून उंच पुलावरची आगगाडी जात असे. ब्रॉन्झाफ्ट आणि मॅकार्थी या दोघांनी १९७५ साली दाखवून दिले की गाडीच्या बाजूच्या वर्गांतली मुले वाचनात पलीकडच्या शांत बाजूच्या मुलांच्या मागे पडतात. वरच्या इयत्तेत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचे होते. शाळा तीच, फरक फक्त खिडकीचा! पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छते घातली, आणि १९८१ सालच्या पाहणीत दोन्ही बाजूंची मुले बरोबरीला आली. म्हणजे मुले मठ्ठ नव्हती. खिडकी मठ्ठ होती.

आपल्याकडेही कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शाळेभोवतीचे १०० मीटरचे अंतर शांतता क्षेत्र ठरवता येते आणि अशा क्षेत्रात दिवसा आवाजाची मर्यादा ५० डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेने तर १९९९ साली सांगून ठेवले आहे की शिकवणे चालू असताना वर्गात मागचा गोंगाट ३५ डेसिबलवर जाऊ नये. साधे बोलणे हातभर अंतरावर साठेक डेसिबल भरते, आणि मुलांना नीट कळायला बाईंचा आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबल वर हवा. हिशेब ज्याचा त्याने करावा.

यावर उपाय महागडेच असतात असे नाही. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एक नवे व्याख्यानगृह इतके घुमत होते की बोललेले कळेना. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक मांडून घुमारा किती कमी होतो ते मोजले, आणि त्यातून ध्वनीचे एक शास्त्रच उभे राहिले. ही गोष्ट ऐकून मला आमचे जुने माळवदाचे घर आठवले. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, लाकडी छतावर मातीचा थर, खाली घोंगड्या. त्या घरात आवाज घुमत नसे आणि बाहेरचा आत येत नसे. आज वर्गात मागच्या भिंतीला जुन्या गोधड्या टांगल्या, गोणपाट लावले, खाली सतरंजी टाकली, बाकांच्या पायांना रबराचे तुकडे बसवले, तरी पुष्कळ फरक पडतो. नातवाच्या बाई तरुण आणि समंजस निघाल्या. त्यांनी त्याला पहिल्या रांगेत, वर्गाच्या डाव्या अंगाला बसवले, म्हणजे चांगला उजवा कान बाईंकडे राहील. रस्त्याकडची खिडकी श्रुतलेखनापुरती बंद होऊ लागली. मागच्या भिंतीवर आज मुलांच्या आयांनी शिवलेल्या दोन वाकळा आहेत. शोभाही आली आणि घुमाराही कमी झाला.

ह्या बाजूनं बोला, बाई

इथवर लिहून थांबले असते तर लेख गोड झाला असता. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला बसले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी मोसंबी आणायला बाजारात गेले होते. गर्दी, हमालांच्या आरोळ्या, टेम्पोंचे भोंगे. एका ढिगामागे पन्नाशीला आलेला गृहस्थ उभा होता. त्याने मला ओळखले, ढिगाला वळसा घालून आला आणि वाकून पाया पडला. अंबडकडच्या एका खेड्यातला माझा विद्यार्थी. मी भाव विचारला. त्याला कळले नाही. परत विचारला. तेव्हा त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला.

“ह्या बाजूनं बोला, बाई. त्या कानानं ल्हानपणापासून कमी यायलंय.”

माझ्या हातातली पिशवी खाली आली.

ती शाळा डोळ्यांपुढे उभी राहिली. एक खोली, वर पत्रा. दोन शिक्षक, चार वर्ग. एका भिंतीशी पहिली-दुसरी मोठ्याने पाढे म्हणत असायची आणि दुसऱ्या भिंतीशी मी तिसरी-चौथीला श्रुतलेखन घालत असायची. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की माझाच आवाज मला ऐकू येत नसे. तो मुलगा उंच म्हणून मी त्याला शेवटी बसवलेला. तो नेहमी एकाच बाजूला मान तिरकी करून बसे. मला तो उर्मटपणा वाटे. त्याचे वडील चौथीच्या निकालाला आले तेव्हा मी त्यांना सांगितले होते, “याचं डोकं अभ्यासात चालत नाही.” बाप म्हणाला, “मग शेतात चालंल.” दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत आला नाही.

त्याच्या मनात काही नव्हते. त्याने भाव घेतला नाही, उलट चार मोसंबी वर टाकली. “तुम्ही शिकिवलं म्हणून हिशेब येतो, बाई,” असेही म्हणाला. गणिताची आकडेमोड फळ्यावर असे ना! ती त्याला दिसत होती. मी त्याला काही बोलले नाही. त्या गलक्यात बोलले असते तरी त्याला किती ऐकू आले असते?

आमच्या या जिल्ह्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. नवविधा भक्तीत श्रवण पहिले, हे त्यांच्या दासबोधातही त्याच क्रमाने सांगितले आहे. आम्ही मास्तर मंडळी मुलांना श्रवणाचे महत्त्व सांगत आलो. मुलांना ऐकू येईल अशी व्यवस्था करणे हे आपले काम, हे मात्र विसरलो.

आज सोयी वाढल्या आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांची तपासणी होते, तीत कानही येतात. पण मूल चोवीस तास आपल्यासमोर असते. पहिली तपासणी आपलीच. मूल वारंवार ‘काय?’ म्हणते का? एकाच बाजूने मान वळवते का? दूरदर्शनचा आवाज वाढवते का? घरात शहाणे आणि वर्गात भांबावलेले असते का? सर्दी झाली की अधिकच ‘दुर्लक्ष’ करते का? तसे असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे, आणि ‘गोंगाटात याला कळत नाही’ हे आवर्जून सांगावे, म्हणजे तपासणी त्या दिशेने होईल. मुलाशी बोलताना टीव्ही बंद करावा, जवळ जावे, तोंड त्याच्याकडे करावे. ‘ऐकलंस का?’ असे विचारू नये. त्याला मूल ‘हो’च म्हणते. ‘मी काय म्हटलं?’ असे विचारावे. आणि दिवाळी आहे म्हणून सांगते : चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणारा फटाका आपल्या कायद्याने विकायलाच मनाई आहे. मुलांचे कान त्यासाठी पणाला लावू नयेत.

यंदा सहामाहीत नातवाला श्रुतलेखनात वीसपैकी सोळा मिळाले. चार चुका राहिल्या, त्यांत एके ठिकाणी ‘पळ’चे ‘फळ’ झालेच आहे. मी त्याची वही हातात घेतली. जुन्या सवयीने लाल पेन्सिल शोधली, आणि परत ठेवून दिली.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना माझी एकच विनंती आहे. अशा चुकीवर रेघ ओढण्यापूर्वी एकदा उठून त्या मुलाच्या जागेवर जाऊन बसावे, आणि तिथून स्वतःचा आवाज कसा ऐकू येतो ते दुसऱ्या कोणाला तुमच्या जागी उभे करून ऐकावे. मी सदतीस वर्षांत एकदाही ऐकले नाही.